मूळ चित्र व त्याची हलकी प्रत

आपल्या शाळेचें एक संकेतस्थळ आहे हें आपणां सर्वांस ठाऊक आहेच. त्यावर सूचना असतात, परीक्षांचीं वेळापत्रकें असतात, आणि क्रीडामहोत्सव, स्नेहसंमेलन, नाताळ इत्यादि प्रसंगांचीं छायाचित्रेंहि असतात. हें संकेतस्थळ सांभाळण्याचें काम गेलीं कांहीं वर्षें आम्हांकडे आहे. शाळेचे तास संपल्यावर जो वेळ उरतो त्यांत तें आम्ही करितों. आणि खरें सांगावयाचें तर तें करितांना आमच्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या. दोन्ही चुका छायाचित्रांच्या होत्या. त्यांतून जें शिकलों तें या लेखांत सांगावें असा विचार आहे. कारण आतां आपल्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थी स्वतःचीं संकेतस्थळें रचूं लागले आहेत, व पालकांनाहि आपल्या मोबाईलमधील चित्रांविषयीं यांतील कांहीं भाग उपयोगीं पडेल.

पहिली चूक अशी. एका वर्षीं नाताळच्या समारंभाचीं अठरा छायाचित्रें आम्हीं मोबाईलवरून जशींच्या तशीं संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर चढविलीं. पान फार शोभिवंत दिसूं लागलें. त्याच पानावर, चित्रांच्या खालीं, एका शिष्यवृत्तीच्या अर्जाची सूचना व शेवटची तारीख होती. पुढें जानेवारींत घाटमाथ्यावरील एका वाडींत राहणारे एक पालक मुलीला घेऊन शाळेंत आले. ते म्हणाले, “गुरुजी, पान उघडतच नाही. आठ दिवस बघतोय, नुसतं चाक फिरतंय. अर्धं चित्र येतं अन् थांबतं.” तारीख उलटून तीन दिवस झाले होते. अर्ज स्वीकारला गेला नाहीं. मुलीच्या वह्यापुस्तकांची सोय नंतर शिक्षकांनीं मिळून केली, परंतु शिष्यवृत्ति हा तिचा हक्क होता आणि आमची मदत ही मदत होती. हा फरक त्या मुलीला कळत होता, व तो तिला कळत आहे हें आम्हांस दिसत होतें.

आतां त्या पानाचें वजन किती होतें तें पाहूं. आजच्या साध्या मोबाईलनें काढलेलें छायाचित्र बहुधा ४००० ठिपके रुंद व ३००० ठिपके उंच असतें. या ठिपक्यांस पिक्सेल म्हणतात. (वर्तमानपत्रांतील छायाचित्र भिंगाखालीं धरून पाहा, तेंहि ठिपक्यांचेंच असतें.) म्हणजे एका चित्रांत १,२०,००,००० पिक्सेल झाले. प्रत्येक पिक्सेलचा रंग सांगण्यास तांबडा, हिरवा व निळा यांचे तीन आंकडे लागतात, आणि प्रत्येक आंकडा एक बाइट जागा घेतो. तेव्हां सबंध चित्र मोकळेपणीं लिहिलें तर ३,६०,००,००० बाइट होतात. मोबाईल तें लिहितांनाच पुष्कळ आंखडून ठेवितो, तरी चार-साडेचार मेगाबाइट, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस लाख बाइट, राहतातच. अशीं अठरा चित्रें म्हणजे सुमारें ऐंशी मेगाबाइट. बाइटाचे आठ बिट धरले तर चौसष्ट कोटि बिट झाले. डोंगराआडच्या वाडींत सेकंदाला दोन लाख बिट येत असतील, तर तें पान पुरें उतरण्यास ३२०० सेकंद, म्हणजे त्रेपन्न मिनिटें लागतील. तेंहि मध्यें तार न तुटतां!

आणि एवढा भार कशासाठीं? त्या गृहस्थांच्या मोबाईलच्या पडद्यावर चित्र फार तर ८०० पिक्सेल रुंद व ६०० पिक्सेल उंच दिसणार. त्यास ४,८०,००० पिक्सेल पुरतात. हा मूळ चित्राचा बरोबर पंचविसावा हिस्सा झाला. म्हणजे पंचवीस पोतीं घाट चढवून न्यावयाचीं, आणि दारांत पोंचतांच चोवीस ओतून द्यावयाचीं, असा हा प्रकार होता.

तेव्हां पहिला उपाय उघड आहे: चित्र पडद्यावर जेवढें दिसावयाचें तेवढ्याच मापाची त्याची प्रत काढावी. दुसरा उपाय अधिक मौजेचा आहे, आणि तो म्हणजे मापास धक्का न लावतां चित्र हलकें करणें. यास संक्षेपण किंवा बोलतांना कॉम्प्रेस करणें म्हणतात. छायाचित्रांसाठीं हें काम मुख्यतः ‘जेपेग’ या पद्धतीनें चालतें. ‘जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप’ नांवाची एक मंडळी १९८६ सालीं स्थापन झाली व तिची पद्धति १९९२ त प्रमाण म्हणून मान्य झाली. तिच्या आद्याक्षरांवरून हें नांव पडलें आहे.

जेपेगचें सारें कौशल्य मनुष्याच्या डोळ्याचा स्वभाव ओळखण्यांत आहे. आपला डोळा उजेड व अंधार यांतील बारीक भेद चटकन् टिपतो, परंतु रंगांतील बारीक भेदाविषयीं तो तितका काटेकोर नाहीं. म्हणून जेपेग प्रथम प्रत्येक पिक्सेलचा उजेड वेगळा काढतें व रंग वेगळे काढतें. मग उजेड सर्व पिक्सेलांचा ठेवून रंग मात्र बहुधा चार पिक्सेलांत मिळून एकदांच लिहितें. चार पिक्सेलांस पूर्वीं बारा आंकडे लागत होते. आतां उजेडाचे चार व रंगांचे दोन असे सहाच लागतात. अर्धें ओझें येथेंच उतरलें, आणि पाहणाऱ्यास त्याचा पत्ताहि लागत नाहीं.

पुढें चित्राचे आठ पिक्सेल रुंद व आठ पिक्सेल उंच असे चौकोनी तुकडे पाडतात. एका तुकड्यांत चौसष्ट आंकडे. या चौसष्टांवरून गणितानें दुसरे चौसष्ट आंकडे काढतात. त्यांपैकीं पहिला तुकड्याचा सरासरी उजेड सांगतो. बाकीचे सांगतात कीं, त्या तुकड्यांत उजेड किती संथपणें किंवा किती झपाट्यानें बदलतो. निरभ्र आकाशाचा तुकडा घेतला तर पहिले दोन-चार आंकडे मोठे येतात व उरलेले जवळजवळ शून्य. कुरळ्या केसांचा किंवा गवताचा तुकडा घेतला तर मागचे आंकडेहि जागे होतात. त्रिकोणमितींत आपण ज्या कोसाइनची ओळख करून घेतों, त्याच्याच लाटा येथें कामास येतात.

हें गणित ज्यांना सुचलें त्यांचें नांव नासिर अहमद. त्यांचा जन्म बंगळूरचा. अमेरिकेंतील कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटींत ते अध्यापक असतांना १९७२ सालीं त्यांनीं या कल्पनेच्या अभ्यासाकरितां तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे साहाय्याचा अर्ज केला, आणि तो नामंजूर झाला. कल्पना फारच सोपी आहे अशा अर्थाचा शेरा एका परीक्षकानें दिला होता, असें त्यांनीं पुढें स्वतः लिहून ठेविलें आहे. त्यांनीं काम सोडलें नाहीं. टी. नटराजन् व के. आर. राव या सहकाऱ्यांसह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्यें प्रसिद्ध झाला. आज जगांत कोठेंहि मोबाईलवर जेपेग छायाचित्र उघडलें कीं तें ‘फारच सोपें’ गणित चालूं होतें.

या गणितांत कांहींच टाकलेलें नाहीं. चौसष्टांचे दुसरे चौसष्ट झाले इतकेंच. टाकण्याचें मुख्य काम पुढच्या पायरीवर होतें, आणि या लेखाचा गाभा तोच असल्यामुळें तेथें थोडें थांबूं. प्रत्येक आंकड्यास एका ठराविक भाजकानें भागतात व उत्तर जवळच्या पूर्णांकांत लिहितात. समजा, आंकडा ३७ आहे व भाजक १० आहे. उत्तर ३.७, तें ४ लिहिलें. चित्र पुन्हां उघडतांना ४ ला १० नें गुणतात, म्हणजे ३७ च्या ऐवजीं ४० मिळतात. जे आंकडे डोळ्यास फारसे दिसत नाहींत त्यांना मोठा भाजक लावितात. ३ ला २० नें भागलें कीं उत्तर शून्याकडे जातें व तो आंकडा नाहींसाच होतो. आपण चित्राची ‘क्वालिटी’ म्हणून जी १ ते १०० मधील संख्या निवडतों तिनें हे भाजक लहानमोठे होतात. (ही संख्या शेंकडेवारी नव्हे. ७५ म्हणजे चित्राचा पाऊण भाग राहिला असें मुळींच नाहीं.)

शेवटीं उरलेले आंकडे, ज्यांत आतां शून्यांची रांगच लागलेली असते, थोड्या जागेंत लिहावयाचे असतात. येथें डेव्हिड हफमन यांची युक्ति वापरतात. १९५१ सालीं ते अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत विद्यार्थी होते. अध्यापक रॉबर्ट फॅनो यांनीं वर्गास सांगितलें कीं, परीक्षा द्या किंवा एक निबंध लिहा. निबंधाचा विषय होता, चिन्हें कमींत कमी जागेंत लिहिण्याची सर्वोत्तम रीत. तो प्रश्न तोंपर्यंत कोणासच सुटलेला नाहीं हें फॅनो यांनीं मुलांस सांगितलें नव्हतें! हफमन यांनीं तो सोडविला व १९५२ त ती रीत प्रसिद्ध झाली. जें चिन्ह वारंवार येतें त्यास लहान खूण द्यावी, क्वचित् येणाऱ्यास लांब. छापखान्यांत खिळे जुळविणारा वारंवार लागणारीं अक्षरें हाताजवळच्या खणांत ठेवी, त्यांतलेंच हें तत्त्व. मात्र यांतून कमींत कमी किती होईल हें हफमन यांनीं सिद्ध करून दाखविलें.

या सर्वांचा परिणाम काय? ८०० पिक्सेल रुंदीचें, क्वालिटी ७५ च्या आसपास ठेवलेलें आमचें एक समारंभाचें छायाचित्र सुमारें ऐंशी किलोबाइटांत बसतें. अठरा चित्रें दीड मेगाबाइटाच्या आंत येतात. त्याच वाडींत, त्याच मंद तारेवर, त्रेपन्न मिनिटांचें पान एका मिनिटांत उतरतें. आतां सूचना आम्ही चित्रांच्या वर ठेवितों, म्हणून ती तर पहिल्या सेकंद-दोन सेकंदांतच दिसते. अर्थात् सूचना वर ठेवण्यास गणित लागत नव्हतें. थोडी अक्कल लागत होती.

पहिले दोन महिने आम्ही प्रत्येक चित्र हातानें उघडून लहान करीत होतों. हातकामाचें व्हावयाचें तेंच झालें. क्रीडामहोत्सवाच्या संध्याकाळीं घाईघाईंत तीन चित्रें तशींच चढलीं, आणि पान पुन्हां जड झालें. मनुष्य थकतो, विसरतो, त्याला घरीं जावयाचें असतें. तेव्हां हें काम मनुष्याच्या स्मरणावर न ठेवतां संकेतस्थळाच्या रचनेंतच बसवावें असें ठरविलें.

संकेतस्थळाची रचना म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. आपण जें पान पाहतों तें कोणी एका बैठकींत लिहिलेलें नसतें. मजकूर एका फाईलींत, पानाची बांधणी दुसरींत, रंग व अक्षरांचे नियम तिसरींत, चित्रें निराळ्या फोल्डरमध्यें, असा कच्चा माल असतो. एक आज्ञा देतांच संगणक हा सर्व माल जुळवून तयार पानें एका वेगळ्या फोल्डरमध्यें काढून ठेवितो, व तेवढींच जगापुढें जातात. या जुळणीस ‘बिल्ड’ म्हणतात. या वार्षिकाचेंच पाहा: हस्तलिखितें, तपासलेलीं मुद्रितें व शेवटीं बांधलेला अंक. वाचकाच्या हातीं अंक जातो. हस्तलिखितें कार्यालयांतच राहतात.

जुळणी यंत्राकडून करविण्याची ही चाल जुनी आहे. १९७६ सालीं अमेरिकेंतील बेल लॅब्समध्यें स्टुअर्ट फेल्डमन यांनीं ‘मेक’ नांवाचा कार्यक्रम लिहिला. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एके दिवशीं वैतागून त्यांच्याकडे आले. एका कार्यक्रमांतील चूक शोधण्यांत त्यांची सबंध सकाळ गेली होती, आणि अखेर कळलें तें असें कीं, चूक आधींच दुरुस्त झाली होती. दुरुस्त फाईलीवरून नवी प्रत तेवढी काढावयाची राहिली होती! ‘मेक’ एवढेंच करितें कीं, मूळ फाईलीची वेळ व तिच्यावरून काढलेल्या प्रतीची वेळ ताडून पाहतें. मूळ नंतर बदललेलें असेल तर प्रत पुन्हां काढतें, नसेल तर हात लावीत नाहीं. चित्रांच्या कामीं याचा फार उपयोग होतो. संकेतस्थळावर दोन हजार चित्रें असलीं व आज पांच नवीं आलीं, तर पांचच हलकीं करावयाचीं.

हल्लीं या कामास ‘गल्प’, ‘वेबपॅक’ वगैरे पुष्कळ साधनें आहेत. नांवें बदलत राहतात. चित्र प्रत्यक्ष लहान करण्यासाठीं आम्ही ‘शार्प’ नांवाचें फुकट मिळणारें साधन वापरतों. त्याच्या पोटांत ‘लिबविप्स’ नांवाचें दुसरें साधन काम करितें, आणि त्याचा इतिहास आम्हांस फार आवडतो. १९९० च्या सुमारास लंडनच्या नॅशनल गॅलरींतील जुन्या तैलचित्रांच्या अत्यंत मोठ्या व बिनचूक प्रतिमा घेण्याचें एक काम युरोपांत चालूं होतें. त्या प्रतिमा त्या वेळच्या संगणकांच्या स्मरणांत मावत नसत. म्हणून चित्र एकदम सगळें न उचलतां त्याचा थोडाथोडा भाग घेऊन काम करणारें हें साधन तेथें घडलें. मोठ्या चित्रकारांच्या कृतींची एक छटाहि हरवूं नये म्हणून जें निर्माण झालें, तें आज आमच्या लिंबू-चमच्याच्या शर्यतीचें चित्र वाडीवर पोंचवितें.

पहिल्या दिवशीं या यंत्रानें आमची फजिति केली. जुळणी झाली, पान उघडलें, तों कवायत करणारीं मुलें भिंतीवर चालत होतीं व मुख्याध्यापक महाशय आडवे होऊन ध्वजास वंदन करीत होते! कारण असें कीं, मोबाईल उभा धरून काढलेलें चित्र पुष्कळदां आडवेंच लिहिलेलें असतें, आणि ‘हें फिरवून दाखवा’ अशी टीप चित्रासोबत जोडलेली असते. शार्प चित्र हलकें करितांना अशा सर्व टिपा काढून टाकतें. तेव्हां आधीं टिपेप्रमाणें चित्र प्रत्यक्ष फिरवावें व मग टीप टाकावी, अशी आज्ञा द्यावी लागते. ती दिली आणि मुख्याध्यापक उभे राहिले.

पण या टिपा जातात हें एका परीनें फार चांगलें आहे, आणि पालकांनीं येथें लक्ष द्यावें. मोबाईलमध्यें स्थळाची नोंद चालूं असेल तर चित्र कोणत्या अक्षांश-रेखांशावर काढलें तेंहि त्याच टिपांत असतें. मुलाचें घरीं काढलेलें छायाचित्र जसेंच्या तसें संकेतस्थळावर गेलें तर त्याच्या घराचा ठिकाणाहि त्याबरोबर जातो. आपल्या शाळेच्या संकेतस्थळावरील एकाहि चित्रांत आतां अशी नोंद नाहीं.

जेपेग सर्वच चित्रांस योग्य नाहीं. हातानें लिहिलेली सूचना, नकाशा, भूमितीची आकृति यांत पांढऱ्यावर काळी रेघ एकदम सुरू होते व एकदम संपते. असा एकाएकीं होणारा बदल जेपेगच्या लाटांस नीट पेलत नाहीं, आणि अक्षरांभोंवतीं धूळ उडाल्यासारखें दिसूं लागतें. देवनागरींत तर अनुस्वाराचा टिंब व धुळीचा कण यांत भेद कळेनासा होतो. अशा चित्रांस १९९६ त आलेली ‘पीएनजी’ ही पद्धति बरी. तिच्यांत आंकडा एकहि हरवत नाहीं. सर्वांत उत्तम म्हणजे सूचनेचें चित्र न चढवितां सूचना टंकून घालावी. ती सर्वांत हलकी, व अंध वाचकास संगणक ती वाचूनहि दाखवूं शकतो. अलीकडे ‘वेबपी’ व ‘एव्हिफ’ या नव्या पद्धतींत छायाचित्रें जेपेगपेक्षांहि हलकीं होतात. जुळणीच्या वेळीं एकाच मूळ चित्राच्या ४००, ८०० व १६०० पिक्सेल रुंदीच्या प्रती काढून ठेविल्या, तर वाचकाचा मोबाईल आपल्या पडद्यास साजेल ती मागून घेतो.

आतां दुसरी चूक. ती सांगणें आम्हांस पहिलीपेक्षां जड जातें.

आपल्या सभागृहांत जुन्या वर्गांचीं त्रेचाळीस छायाचित्रें कांचेच्या चौकटींत टांगलेलीं होतीं. दमट हवा व वाळवी यांनीं त्यांची दशा करून टाकिली होती. कांहीं विद्यार्थ्यांनीं दोन सुट्या खर्चून तीं सगळीं स्कॅन केलीं, प्रत्येक ६००० पिक्सेल रुंद. पुढच्या पावसाळ्यांत छप्पर गळलें आणि बऱ्याचशा चौकटींत नुसता लगदा राहिला. स्कॅन झालें आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतों. तीं चित्रें संकेतस्थळाच्या चित्रांच्या फोल्डरमध्यें ठेवलीं होतीं. आणि जुळणीची आज्ञा लिहितांना, संगणकावरील जागा वांचावी म्हणून, आम्हीं असें लिहिलें होतें: या फोल्डरमधील प्रत्येक चित्र घ्या, ८०० पिक्सेल रुंद करा, आणि पुन्हां येथेंच ठेवा.

‘पुन्हां येथेंच ठेवा’ या तीन शब्दांनीं घात केला. पहिल्याच जुळणीला ६००० चें ८०० झालें व मूळ पुसलें गेलें. पुढील वर्षीं पानें आणखी हलकीं व्हावींत म्हणून आम्हीं ८०० चे ६४० केले. यंत्रानें ८०० च्या प्रतीवरून ६४० ची प्रत काढली. नंतर एकदां क्वालिटी बदलली; तीहि प्रतीच्या प्रतीवर लागली. पडद्यावर चित्रें बरीं दिसत होतीं. कोणास कांहींच कळलें नाहीं.

एके दिवशीं पुण्याहून एक वयस्क बाई आल्या. त्यांचे वडील १९३८ सालच्या मॅट्रिकच्या वर्गांत होते. त्यांच्या स्मरणार्थ उपासना ठेवावयाची होती व त्यासाठीं वडिलांचा तरुणपणचा चेहरा हवा होता. घरीं एकहि छायाचित्र नव्हतें. संकेतस्थळावर त्यांनीं वडिलांस ओळखलें होतें, तिसऱ्या रांगेंत, डावीकडून पांचवे. आम्हीं मोठ्या आनंदानें मूळ चित्र उघडावयास गेलों, तों तें मूळ नव्हतेंच. एका रांगेंत चौदा मुलें, रुंदी ६४० पिक्सेल. एका मुलाच्या वांट्यास पंचेचाळीस, आणि चेहऱ्यास वीस. वीस पिक्सेलांत डोळ्यांच्या जागीं दोन काळसर डाग दिसतात. पूर्वीं तोच चेहरा जवळजवळ एकशें नव्वद पिक्सेलांचा होता.

हें नुकसान कां भरून येत नाहीं, तें मघांच्या ३७ या आंकड्यावरून कळेल. १० नें भागून त्याचे ४० झाले. आतां केवळ ४० पाहून मूळ आंकडा ३५ होता, ३७ होता कीं ४४ होता, हें कोणासहि सांगतां येणार नाहीं. त्या ४० ला दुसऱ्या वर्षीं १५ नें भागलें: २.६७, म्हणजे ३. परत गुणले कीं ४५. तिसऱ्या वर्षीं भाजक १२ घेतला: ३.७५, म्हणजे ४. परत गुणले कीं ४८. सदतिसाचे अठ्ठेचाळीस झाले! आणि मूळ ३७ हातीं असता व त्यालाच सरळ १२ नें भागलें असतें, तर ३ येऊन ३६ मिळाले असते. भाजक तोच, गणित तेंच. फरक एवढाच कीं, एकदां मुळावरून काढलें व एकदां प्रतीच्या प्रतीवरून. इब्री शास्त्रांच्या प्रती करणारे लेखक शब्दच काय, अक्षरेंहि मोजून ताडीत, तें याच भीतीनें. एका हातची चूक पुढच्या हाताला मूळच वाटते.

शोधाशोध केल्यावर स्कॅन करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं एकाच्या जुन्या पेन ड्राइव्हवर एकतीस चित्रें शाबूत सांपडलीं. बारा गेलीं. १९३८ चा वर्ग त्या बारांत आहे. एका तरुण सहाध्यापकांनीं सुचविलें कीं, हल्लीं कृत्रिम बुद्धिमत्तेनें धूसर चेहरा स्पष्ट करून मिळतो. आम्हीं करून पाहिलें. फार देखणा, तरतरीत चेहरा निघाला. परंतु तो यंत्रानें हजारों परक्या चेहऱ्यांवरून कल्पिलेला होता; त्या गृहस्थांचे वीस पिक्सेल त्यांत नांवाला होते. तो चेहरा मुलीच्या हातीं वडिलांचा म्हणून देणें आम्हांस योग्य वाटलें नाहीं. काय झालें तें त्यांना स्पष्ट सांगितलें. त्या क्षणभर बोलल्या नाहींत, मग म्हणाल्या, “असूं द्या गुरुजी, आहे तसंच द्या.” आम्हीं तो वीस पिक्सेलांचा तुकडा न वाढवितां, लहानच, चांगल्या कागदावर छापून दिला.

आतांची व्यवस्था अशी आहे. ‘मूळ’ नांवाच्या फोल्डरमधून यंत्रास फक्त वाचतां येतें. त्यांत लिहिण्याची परवानगीच त्याला नाहीं. हलक्या प्रती सर्व निराळ्या फोल्डरमध्यें निघतात, व तें फोल्डर केव्हांहि पुसलें तरी एका आज्ञेनें पुन्हां भरतें. दर सत्राच्या अखेरीस दोन विद्यार्थी तें खरोखरच पुसून पुन्हां भरून पाहतात. मूळ चित्रांच्या आणखी दोन प्रती आहेत, एक कार्यालयाच्या कपाटांत व एक शाळेच्या आवाराबाहेर. जुळणीच्या शेवटीं एखादें चित्र दोनशें किलोबाइटांहून जड निघालें तर यंत्र अडून बसतें व पान पुढें जाऊं देत नाहीं. घाईच्या संध्याकाळीं त्याचा राग येतो.

हरवलेलीं बारा छायाचित्रें १९३१ ते १९४६ या सालांतील वर्गांचीं आहेत. त्या वेळीं मुलांना कागदी प्रती विकत मिळत असत, तेव्हां कोणाच्या आजोबा-पणजोबांच्या पेटींत एखादी अजून असूं शकेल. ज्यांच्या घरीं ती सांपडेल त्यांनीं कृपा करून शाळेच्या कार्यालयांत आणावी. चित्र चौकटींतून न काढतां आणलें तरी चालेल. आपल्यासमोर स्कॅन करून तें लगेच परत दिलें जाईल, व मोठी प्रत आपणांसहि मिळेल. १९३८ च्या मॅट्रिकच्या वर्गाची प्रत आल्यास तिची पुण्यास वाट पाहिली जात आहे.